ग्रंथ गप्प राहतो तेव्हा

केंटकी राज्यातल्या मिडवे गावच्या चर्चमध्ये १८६० च्या आसपास मेलोडियन आलं. हे आपल्या पायपेटीच्या जातीचं वाद्य. मंडळीचं गाणं इतकं बेसूर व्हायचं की उंदीरसुद्धा पळून जातील, असं तिथले पाळक एल. एल. पिंकर्टन म्हणायचे, अशी आठवण सांगितली जाते. आधी शनिवारच्या तालमीत सूर धरण्यापुरती पेटी वाजली, मग रविवारच्या उपासनेतही वाजायला लागली. मंडळीतल्या एका वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, हे सोसवेना. नव्या करारातल्या मंडळीनं उपासनेत वाद्य वाजवल्याचा उल्लेख कुठेच नाही, मग हे आलं कुठून? त्यांनी एका रात्री आपल्या गुलामाला खिडकीतून आत सोडलं आणि पेटी उचलून नेली, असं म्हणतात. मंडळीनं दुसरी पेटी आणली.

ऐकताना हसू येतं. पण या पेटीच्या वादावर अमेरिकेतली एक मोठी चळवळ पुढच्या पन्नास वर्षांत दुभंगली, आणि तीही ख्रिस्ती लोकांमधली भांडणं मिटवण्यासाठीच जन्मलेली. गोष्टीतल्या गुलामाकडेही जरा पाहायला हवं. पेटी नव्या करारात नाही म्हणून ती निषिद्ध. गुलाम आणि धनी मात्र पौलाच्या पत्रांत आहेत, तेव्हा ते नातं मुळातच पाप म्हणता येत नाही, असा युक्तिवाद याच चळवळीचा सर्वांत मोठा पुढारी अलेक्झांडर कॅम्पबेल यानं १८४५ मध्ये आपल्या मासिकातून मांडला होता. गुलामगिरी त्याला आवडत होती असं नाही. देशाच्या हिताची नाही असंच त्याचं मत होतं. पण ग्रंथ जिथे निषेध करत नाही तिथे आपण कसा करायचा, ही त्याची अडचण होती.

पुनःस्थापनवादी चर्चेसचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो, असं मला वाटतं. या चर्चेसबद्दल लिहिताना सहसा सिद्धान्तांची यादी दिली जाते: कोण शनिवार पाळतं, कोण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) मानत नाही, कोण रक्त घेत नाही. यादी खरी असते, पण तिच्यातून हे लोक एकमेकांचे नातेवाईक कसे हे कळत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा. ग्रंथ गप्प राहतो तेव्हा या चर्चमध्ये बोलण्याचा अधिकार कुणाला?

आधी पुनःस्थापना म्हणजे काय ते पाहू. ल्यूथर आणि कॅल्विन यांना चर्च सुधारायचं होतं. पंधराशे वर्षं चालत आलेली संस्था बिघडली असली तरी ती चर्चच आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुनःस्थापनवाद्याला ते मान्य नाही. त्याच्या मते प्रेषितांनंतर लवकरच मंडळी मार्गभ्रष्ट झाली, धागा तुटला. आता डागडुजी उपयोगाची नाही, पहिल्या शतकातली मंडळी नव्यानं उभी करायला हवी. सोळाव्या शतकातही असे लोक होते. झ्यूरिकमध्ये झ्विंग्लीनं ग्रंथात आधार नाही म्हणून चर्चमधले ऑर्गन बंद केले. त्याचेच काही शिष्य त्याच्यापुढे गेले. ग्रंथात तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचं उदाहरण नाही, असं म्हणत त्यांनी जानेवारी १५२५ मध्ये एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. ज्या तर्कानं ऑर्गन गेला तोच त्यांनी पुढे नेला होता. झ्यूरिकच्या नगरसभेनं त्यांच्यातल्या काहींना बुडवून मारलं. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास आणि त्याचा जावई रॉबर्ट सँडमन यांनी लहान लहान मंडळ्या काढल्या. दर रविवारी प्रभुभोजन, एकत्र जेवण, मंडळीतूनच निवडलेले वडील. पण युरोपात राजा, जमीनदार आणि अधिकृत चर्च यांच्या गर्दीत अशा प्रयोगांना जागा फारशी नव्हती.

ती जागा अमेरिकेत होती. स्वातंत्र्यानंतर तिथे संघराज्याला अधिकृत धर्म राहिला नाही, आणि ॲपलेशियन डोंगरांपलीकडच्या नव्या वस्त्यांमध्ये तर कुठल्याच चर्चची पाळंमुळं रुजलेली नव्हती. राजा नको म्हणणाऱ्या लोकांना बिशप तरी कशाला, हा प्रश्न आपोआप पडत होता. व्हर्जिनियात जेम्स ओकेली मेथडिस्टांमधून बाहेर पडला, न्यू इंग्लंडमध्ये ॲबनर जोन्स आणि इलायस स्मिथ बॅप्टिस्टांमधून. एकमेकांशी संबंध नसताना दोन्हीकडे एकच ठरलं: आम्ही फक्त ‘ख्रिस्ती’, दुसरं नाव नको.

ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे उघड्यावर एक उपासना-मेळावा भरला. हजारो लोक गाड्या घेऊन आले, दिवसचे दिवस राहिले. रडणं, किंचाळणं, मूर्च्छा येऊन पडणं सुरू झालं. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट प्रचारक एकाच वेळी वेगवेगळ्या व्यासपीठांवरून बोलत होते आणि लोक कोण कुठल्या पंथाचा हे न विचारता ऐकत होते. यजमान पाळक बार्टन स्टोन याच्या मनात हे रुजलं. देव काही मोजक्यांनाच तारणासाठी निवडतो, हा प्रेस्बिटेरियन सिद्धान्त त्याला पटेनासा झाला. तो आणि त्याचे साथी बाहेर पडले, त्यांनी स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटरी नावाची स्वतःची संघटना काढली आणि वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की आपण आणखी एक पंथच काढला आहे. मग २८ जून १८०४ रोजी त्यांनी त्या संघटनेचं मृत्युपत्र लिहिलं. ही संस्था आता मरत आहे, तिनं ख्रिस्ताच्या व्यापक देहात विरून जावं, अशा अर्थाचा तो दस्तऐवज आहे. चर्चच्या इतिहासात इतकं खेळकर आणि इतकं गंभीर कागदपत्र दुसरं नसेल.

दुसरा प्रवाह आयर्लंडमधून आला. थॉमस कॅम्पबेल हा तिथल्या प्रेस्बिटेरियनांच्या एका फुटीर गटातल्या उपगटाचा पाळक. तो १८०७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला आणि आपल्या उपगटाबाहेरच्या प्रेस्बिटेरियनांनाही त्यानं प्रभुभोजनाला बोलावलं. त्याच्यावर कारवाई झाली. स्कॉटलंडमधल्या ज्या वादातून हे उपगट झाले, त्यातला मुद्दा अमेरिकेच्या जंगलात कुणाच्याच कामाचा नव्हता, तरी भिंत मात्र समुद्र ओलांडून आली होती. १८०९ मध्ये त्यानं एक जाहीरनामा छापला. ग्रंथ जिथे बोलतो तिथेच आपण बोलावं, तो गप्प तिथे आपणही गप्प राहावं, हे सूत्र त्याच सुमाराचं. माणसांनी रचलेले मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कलमं, बाजूला ठेवले की ऐक्य आपोआप होईल, इतका त्याचा साधा विश्वास होता.

त्याचा मुलगा अलेक्झांडर तेव्हा ग्लासगोत होता. आयर्लंडहून निघालेलं कुटुंबाचं जहाज फुटल्यामुळे १८०८-०९ चा हिवाळा त्याला तिथे काढावा लागला. त्या काळी त्या पंथात परीक्षा घेऊन लायक माणसाला धातूचा एक बिल्ला दिला जाई. तो दाखवला तरच प्रभुभोजन. अलेक्झांडरनं परीक्षा दिली, बिल्ला मिळवला, रांगेत बसला आणि पाळी आल्यावर बिल्ला ताटात टाकून भाकर न घेताच उठला. अमेरिकेत पोचल्यावर वडिलांचा जाहीरनामा त्याच्या हाती पडला. बापलेक समुद्राच्या दोन काठांवर एकाच निष्कर्षाला आले होते.

१८१२ मध्ये अलेक्झांडरला पहिली मुलगी झाली. तिला बाप्तिस्मा द्यायचा का? त्यानं नवा करार पुन्हा चाळला, त्याला तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सापडला नाही, आणि मग त्याला स्वतःचाच बाप्तिस्मा खोटा वाटू लागला. १२ जूनला बफेलो क्रीक या ओढ्यात त्यानं, पत्नीनं, आईवडिलांनी आणि आणखी काहींनी एका बॅप्टिस्ट पाळकाकडून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षं कॅम्पबेल बॅप्टिस्टांबरोबर राहिला, पण जमलं नाही. बॅप्टिस्टांच्या मते आधी तारणाचा अनुभव, मग त्याची खूण म्हणून बाप्तिस्मा. कॅम्पबेलच्या मते बाप्तिस्मा पापक्षमेसाठीच आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र तसं सांगतो. केन रिजसारखी मूर्च्छा आणि रडारड त्याला नकोच होती. तो लॉक आणि बेकन हे तत्त्वज्ञ वाचलेला माणूस होता. बायबल म्हणजे वस्तुस्थितीचा संग्रह, ती समजून घेऊन मान्य करायची, इतकं ते त्याला सरळ वाटे. त्याचा सहकारी वॉल्टर स्कॉट ओहायोतल्या गावांमध्ये शाळकरी पोरांना पाच बोटांवर हे शिकवायचा: विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पापक्षमा, पवित्र आत्म्याचं दान. पोरं मुठी मिटून घरी पळत, आईबापांपुढे उघडून दाखवत, आणि संध्याकाळी आईबाप सभेला येत.

कॅम्पबेलला वादविवादाचा भारी सोस. सिनसिनाटीत १८२९ मध्ये समाजवादी रॉबर्ट ओवेनशी त्याचा आठ दिवस वाद झाला, त्यात ओवेनला उत्तर द्यायला तो एकूण बारा तास बोलला. १८३७ मध्ये कॅथलिक बिशपशी, १८४३ मध्ये प्रेस्बिटेरियनांशी. त्या शेवटच्या वादाला अध्यक्ष म्हणून हेन्री क्ले होता, म्हणजे पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा नेता. रेल्वे आणि रेडिओच्या आधीच्या गावांना आठवडाभराची ती करमणूकही होती आणि धर्मशिक्षणही.

१८३२ च्या पहिल्या दिवशी केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये स्टोनच्या आणि कॅम्पबेलच्या लोकांनी हातात हात दिले. ना घटना लिहिली, ना मतदान झालं. लिहायचं तरी काय, मतांगीकार तर कुणालाच नको होता. तपशिलांत मतभेद होतेच. स्टोनला त्रैक्याचा रूढ सिद्धान्त पटत नव्हता; कॅम्पबेल म्हणे, तो शब्द ग्रंथात नाही, तर वाद कशाला. गावोगावच्या मंडळ्या मात्र एक झाल्या. दर रविवारी प्रभुभोजन, समजत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिचा कारभार वडील आणि डीकन पाहणार, बिशप नाही, मुख्यालय नाही. आजही या परिवारातल्या कुठल्याही मंडळीत गेलात तर यातलं बहुतेक सगळं दिसेल.

या पायात दोन दगड होते, आणि ते एकमेकांत बसत नव्हते. एक ऐक्याचा, दुसरा मूळ नमुन्याचा. ऐक्य हवं तर दुसऱ्याला सूट द्यावी लागते. नमुना हवा तर सूट देता येत नाही. १८३७ मध्ये व्हर्जिनियातल्या लुनेनबर्गहून एका बाईंनी कॅम्पबेलला पत्र लिहून विचारलं की इतर प्रोटेस्टंट पंथांमध्ये ख्रिस्ती आहेत असं तुम्ही म्हणता, ते कसं? त्यांचा तर आपल्यासारखा बाप्तिस्मा झालेला नाही. कॅम्पबेलनं उत्तर दिलं ते मला त्याच्या सगळ्या लेखनात सर्वांत मोठं वाटतं. जो मनापासून ख्रिस्तावर विश्वास ठेवतो आणि जितकं समजलं तितकं पाळतो तो ख्रिस्ती, अशा आशयाचं ते होतं. त्याच्याच अनुयायांनी त्यावर गदारोळ केला आणि तो अनेक महिने खुलासे छापत राहिला.

मग मौनाचा प्रश्न आला. १८४९ मध्ये सिनसिनाटीत मिशनरी सोसायटी स्थापन झाली. नव्या करारात मंडळ्या आहेत, सोसायट्या नाहीत. मग ही मान्य करायची का? एका गटाचं म्हणणं पडलं की ग्रंथानं मनाई केलेली नाही, सोयीची आहे, तर ठेवा. दुसऱ्या गटाचं म्हणणं की ग्रंथानं आज्ञा दिलेली नाही, उदाहरण नाही, अपरिहार्य निष्कर्षही निघत नाही, तेव्हा मौन म्हणजेच मनाई. मेलोडियन त्यानंतर दहा वर्षांनी आलं. दोन्ही गट थॉमस कॅम्पबेलचंच सूत्र म्हणत होते.

यातली विसंगती दोन्हीकडच्या लोकांना दिसत होती. नव्या करारात पवित्र चुंबनानं नमस्कार करा अशी स्पष्ट आज्ञा आहे, ती बहुतेकांनी काळाचा रिवाज म्हणून सोडून दिली होती. येशूनं शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही तसं करा म्हटलं, तेही सोडलं. जर्मनीत १७०८ मध्ये सुरू झालेल्या ब्रेदरन चर्चनं पाय धुण्याचा विधी जपला आहे. पहिल्या मंडळीत सगळ्यांची मालमत्ता एकत्र होती. त्याला तर कॅम्पबेलनं ठाम विरोध केला. म्हणजे नमुना ग्रंथातून येत होता हे खरं, पण त्यातलं काय नमुना आणि काय रिवाज हे केंटकी आणि टेनेसीतली शेतकरी माणसं आपापल्या अकलेनं ठरवत होती. याला मी दोष म्हणणार नाही. दोष इतकाच की आपण ठरवतो आहोत हे त्यांना कबूल नव्हतं.

यादवी युद्धानं ही भेग रुंदावली. युद्धानंतर उत्तरेकडच्या शहरांतल्या सुस्थित मंडळ्यांनी मोठी चर्चेस बांधली, ऑर्गन बसवले, शिकलेले पगारी पाळक ठेवले. दक्षिण उद्ध्वस्त झाली होती. नॅशव्हिलमधून ‘गॉस्पेल ॲडव्होकेट’ चालवणारा डेव्हिड लिप्सकम लिहीत राहिला की पहिल्या शतकातलं चर्च गरिबांचं होतं. युद्ध चालू असताना मिशनरी सोसायटीनं उत्तरेच्या बाजूनं ठराव केला होता, तेही दक्षिणेतले लोक विसरले नव्हते. १९०६ च्या अमेरिकी धार्मिक गणनेत दोन नावं प्रथमच वेगळी छापली गेली: डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, सुमारे ९ लाख ८० हजार सदस्य, आणि चर्चेस ऑफ ख्राइस्ट, सुमारे १ लाख ६० हजार, त्यांतले बहुसंख्य जुन्या गुलामी राज्यांतले. पेटी हे कारण होतंच, पण पेटी कुणाला परवडत होती हेही कारण होतं.

पुढच्या फुटी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची रीत तीच आहे. प्रभुभोजनाला एकच प्याला की अनेक? रविवारची शाळा ग्रंथात आहे का? मंडळीच्या पैशातून अनाथाश्रम चालवावा का? चर्चेस ऑफ ख्राइस्टमध्ये प्रत्येक प्रश्नावर एक गट बाजूला झाला. डिसायपल्स उलट दिशेनं गेले. १९६८ मध्ये त्यांनी रीतसर पंथाची घटना स्वीकारली आणि ज्यांना ते नको होतं अशा हजारो मंडळ्या स्वतंत्र राहिल्या. एका मृत्युपत्रापासून सुरू झालेल्या चळवळीचे असे तीन वारस झाले.

आता त्याच मातीतली दुसरी पिकं. वॉल्टर स्कॉटच्या बरोबरीनं ओहायोत प्रचार करणारा सिडनी रिग्डन हा कॅम्पबेलच्या गोटातला फर्डा वक्ता. पुनःस्थापना खरी तर मालमत्ताही सामायिक हवी, आणि प्रेषितांच्या काळातले चमत्कारही हवेत, असं तो म्हणू लागला. १८३० च्या उन्हाळ्यात त्यावरून कॅम्पबेलशी त्याचं बिनसलं. काही महिन्यांत न्यू यॉर्क राज्यातून चार तरुण प्रचारक एक नवं पुस्तक घेऊन त्याच्या दारात आले. त्यांतला पार्ली प्रॅट त्याचाच जुना शिष्य. रिग्डन आणि त्याची किर्टलंडमधली मंडळी जोसेफ स्मिथच्या मॉर्मन चर्चमध्ये गेली. ते चर्च एप्रिल १८३० मध्ये स्थापन झालेलं, म्हणजे त्याला वर्षही झालं नव्हतं.

स्मिथचं उत्तर अगदी वेगळं होतं. ग्रंथ गप्प आहे ना, मग देवालाच विचारू. मॉर्मन ग्रंथ, मागोमाग प्रकटीकरणं, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं व पेत्र, याकोब, योहान यांनी स्वतः येऊन दिलेलं याजकपद. प्रेषित पुन्हा नेमले, देवळं बांधली, जुन्या कराराच्या कुलपित्यांसारखी अनेक लग्नंही परत आली. कॅम्पबेलनं १८३१ मध्ये मॉर्मन ग्रंथावर टीका लिहिली, तिच्यातला एक टोमणा अजून टोचतो: न्यू यॉर्कमध्ये गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या धर्मप्रश्नांवर वाद झाले, त्या सगळ्यांचा निकाल या प्राचीन पुस्तकात लागलेला आहे. मॉर्मन माणसाला हा टोमणा लागत नाही. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. प्रश्न पडले म्हणूनच उत्तरं आली, असं तो म्हणतो. स्मिथचा १८४४ मध्ये जमावानं खून केला, ब्रिगम यंगच्या मागून बहुतेक लोक यूटाला गेले. राहिलेल्यांतल्या मोठ्या गटाचं चर्च आज कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट म्हणून ओळखलं जातं. जिवंत संदेष्टा असण्याचा एक फायदा असा की वळता येतं. यूटाच्या चर्चनं १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवल्याची घोषणा केली, १९७८ मध्ये काळ्या पुरुषांना याजकपद खुलं केलं. दुसऱ्या चर्चनं १९८४ मध्ये स्त्रियांना. मार्च २०२४ मध्ये कम्युनिटी ऑफ ख्राइस्टनं किर्टलंडचं १८३६ चं पहिलं मंदिर इतर काही वास्तूंसह यूटाच्या चर्चला १९ कोटी २५ लाख डॉलरला विकलं. मुळाशी असलेल्या वास्तूचीही किंमत ठरते.

जॉन थॉमस हा इंग्लिश डॉक्टर १८३२ मध्ये अमेरिकेत आला आणि त्याला वॉल्टर स्कॉटनंच बाप्तिस्मा दिला. पण समज चुकीची असेल तर बाप्तिस्माही फुकट, असं म्हणून तो कॅम्पबेलपासून तुटला. अमर आत्मा आणि त्रैक्य दोन्ही नाकारणारे ख्रिस्टाडेल्फियन हे त्याचे अनुयायी. त्यांना १८६४ पर्यंत नावही नव्हतं. यादवी युद्धात शस्त्र न उचलण्याची सूट मागायला सरकारदरबारी कुठलंतरी नाव द्यावं लागलं, म्हणून घेतलं.

विल्यम मिलर हा न्यू यॉर्कच्या सीमेवरचा बॅप्टिस्ट शेतकरी. दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा हिशोब मांडून ख्रिस्त केव्हा परत येईल हे त्यानं काढलं. शेवटची तारीख ठरली २२ ऑक्टोबर १८४४. ती गेली. उरलेल्या अनुयायांतल्या एका छोट्या गटानं हिशोब बरोबर धरला आणि घटना स्वर्गात घडली असा अर्थ लावला. या गटाचे दोन खांब, जेम्स व्हाइट आणि जोसेफ बेट्स, हे त्याच न्यू इंग्लंडच्या ‘फक्त ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या मंडळ्यांमधून आलेले. मतांगीकाराचा तिटकारा त्यांनी तिथून आणला. शनिवारचा शब्बाथ हे त्यांना बुजवून टाकलेलं मूळ सत्य वाटलं. जेम्सची पत्नी एलन व्हाइट हिच्या दृष्टान्तांना मान मिळाला, पण ते बायबलच्या खालचे, असं चर्च सांगत आलं आहे. १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर संघटना झाली. मतांगीकार नको म्हणणाऱ्या या चर्चची आज २८ मूलभूत मतं आहेत, त्यांतलं एक २००५ मध्ये वाढवलेलं.

पिट्सबर्गचा चार्ल्स टेझ रसेल तरुणपणी ॲडव्हेंटिस्ट प्रचारक ऐकून बायबलकडे वळला, १८७९ मध्ये त्यानं ‘वॉच टॉवर’ मासिक सुरू केलं. त्याच्यानंतर आलेल्या रदरफर्डनं १९३१ मध्ये यहोवाचे साक्षीदार हे नाव दिलं. क्रूस, नाताळ, वाढदिवस, त्रैक्य, सैन्यातली नोकरी: पहिल्या शतकात नव्हतं ते सगळं बाहेर. इथे मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार ना माणसाच्या अकलेला ना संदेष्ट्याला. तो संस्थेच्या नियामक मंडळाला आहे. मंडळाचं मत बदललं की सगळ्या जगातल्या सभागृहांत एकाच आठवड्यात बदलतं. चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी तोच प्रश्न सोडवला आहे. फिलिपिन्समध्ये १९१४ मध्ये इग्लेसिया नी क्रिस्टो स्थापणारा फेलिक्स मनालो तर आधी डिसायपल्सच्या मिशनमध्ये आणि मग ॲडव्हेंटिस्टांमध्ये काम करून आला होता. त्यानं स्वतःलाच शेवटचा दूत ठरवलं.

आपल्याकडे यातले बहुतेक जण येऊन गेले, काही राहिले. मॉर्मन प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात छावणीच्या परिसरात त्यानं छोटीशी मंडळी जमवली. त्याच वर्षी यूटातून बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली. इंग्रज अधिकाऱ्यांना आयतं कारण मिळालं, आणि काही वर्षांत हिंदुस्थानातलं ते मिशन गुंडाळलं गेलं. ॲडव्हेंटिस्टांनी मात्र पुण्यात मुक्काम केला. सॅलिसबरी पार्कमध्ये त्यांचा छापखाना आणि कचेऱ्या, आणि १९४२ पासून खडकीजवळ स्पायसर कॉलेज. पुणेकरांना त्यांच्या शब्बाथापेक्षा त्यांची बेकरी जास्त माहीत असावी, पण ती बेकरीही आहार हा धर्माचा भाग मानणाऱ्या एलन व्हाइटच्या शिकवणीतूनच आलेली आहे. यहोवाच्या साक्षीदारांचं भारतातलं कार्यालय काही काळ लोणावळ्यात होतं. त्यांची खरी खूण मात्र आपल्या कायद्यात उमटली. राष्ट्रगीताला उभं राहणाऱ्या पण न गाणाऱ्या केरळमधल्या तीन भावंडांना शाळेनं काढलं, तेव्हा ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांच्या बाजूनं निकाल दिला. न गाण्याचा अधिकारही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो, हे आपल्याला एका पुनःस्थापनवादी पंथाच्या मुलांमुळे कळलं.

केडगावच्या मुक्ती मिशनचा इथे उल्लेख करायला हवा. पंडिता रमाबाईंनी तिथलं चर्च कुठल्याही पंथाला जोडलं नाही, आणि बायबलचं भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलं. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याची बातमी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपर्यंत गेली. तिथल्या पेंटेकॉस्टल लोकांना वाटत होतं की प्रेषितांच्या काळातला आत्म्याचा वर्षाव परत आला आहे. तीही पुनःस्थापनाच, फक्त नियमांऐवजी अनुभवाची.

डिसायपल्सचे मिशनरी १८८२ मध्ये मुंबईत उतरून मध्य प्रांतात हरदा, बिलासपूर, दमोह या भागांत गेले. त्यांच्या ऑस्ट्रेलियन भावंडांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत काम सुरू केलं. दमोहमध्ये १८९७ साली जन्मलेला डोनाल्ड मॅकगॅवरन याच डिसायपल्स मिशनरींचा मुलगा, पुढे स्वतःही मिशनरी. छत्तीसगडमधल्या जातींमध्ये काम करताना त्याला दिसलं की माणसं आपली जात, भाषा, गोत न ओलांडता ख्रिस्ती होतात तेव्हा जास्त संख्येनं होतात. त्यावर त्यानं १९५५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि चर्चवाढीचं एक शास्त्रच उभं केलं. जगभरच्या इव्हँजेलिकल चर्चेसनी ते उचललं. ऐक्यासाठी जन्मलेल्या चळवळीच्या मुलानं सांगितलं की वेगळे राहा, वाढाल.

त्याच मध्य भारतातल्या डिसायपल्स मंडळ्यांनी मात्र उलटा रस्ता धरला. उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट चर्चेसच्या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून सुरू होत्या. चाळीस वर्षं मसुदे, दुरुस्त्या, परत मसुदे. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट तर अगदी १९७० मध्ये, शेवटच्या क्षणी बाहेर पडले. तरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, पाय धुणारे ब्रेदरन होते, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्टही. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. बिशप राहिले, म्हणजे बफेलो क्रीकमध्ये बुडी मारलेल्या माणसाच्या वारसांनी तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी शिंपडणाऱ्या बिशपांना आपलं म्हटलं. पहिल्या शतकात नेमकं काय होतं, हा प्रश्न तिथे कुणी सोडवला नाही, बाजूला ठेवला. १८०४ च्या मृत्युपत्रात जे मागितलं होतं, ते इथे एका पंथानं खरोखर केलं: आपलं नाव टाकून तो मोठ्या चर्चमध्ये विरून गेला.

चर्चेस ऑफ ख्राइस्ट त्या वाटाघाटींत नव्हती. प्रत्येक मंडळी स्वतंत्र आणि मुख्यालय कुठेच नाही, त्यामुळे त्यांच्या वतीनं निमंत्रण स्वीकारणारा किंवा नाकारणारा माणूसच कुणाला सापडला नसता.